मोड आलेले बोट

हंसराजच्या बोटाचे बारसे होते आणि पाळणा म्हणून कामगारांनी पिवळे हेल्मेट उलटे करून पंख्याच्या कडीला टांगले होते.

निरंजना गभने धावत आली ती भलत्याच समजुतीने. खैरटोल्याच्या मँगनीज मिलमध्ये ती सुरक्षा अधिकारी होती. कँटीनच्या मागच्या खोलीत कोणीतरी पडले आहे, लवकर या, असा निरोप तिला मिळाला होता. प्रथमोपचाराची पेटी छातीशी धरून तिने दार ढकलले, आणि आतल्या वीस-पंचवीस जणांनी एकच गलका केला.

"आली, आली! बोटाची आत्या आली!"

हेल्मेटात कापूस पसरला होता. तिचा धाकटा भाऊ हंसराज शेजारी उभा राहून उजवा पंजा त्या कापसावर टेकवून होता, आणि इस्तारी नावाचा फिटर हेल्मेटाला हळूहळू झोके देत होता. हंसराजच्या पंजाची चार बोटे मिलमधल्या सगळ्यांच्या बोटांसारखीच होती, राठ आणि रेघारेघांत काळी धूळ मुरलेली. पाचवे, अंगठ्याशेजारचे, नवे होते. ते गुलाबी आणि गुळगुळीत होते, नखाच्या जागी कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ पदर होता. त्यावर मँगनीजचा एक डागही नव्हता. तुटलेली बोटे पुन्हा वाढवणाऱ्या, मिलच्याच अंकुर कक्षातल्या जेलीचा वास खोलीभर पसरला होता. फडक्यात बांधून दोन दिवस विसरलेल्या मटकीचा वास असतो, तसा.

मिलमध्ये त्यामुळेच 'मोड' हा शब्द रुळला होता. बोट मोडले की मोड येतात, असा तो विनोद होता. नवीन माणूस पहिल्यांदा जखमी झाला की जुने त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणत, "भिजत घाल गा, मोड येईल."

"नाव ठेवा, मॅडम," इस्तारी म्हणाला. "रीत हाय. भावाचं बोट म्हणजे तुम्ही आत्याच लागता. कानात सांगा."

"बोटाले कान कुठं हाय बे?" कोणीतरी ओरडले.

"नख हाय ना. तिथंच कुर्र कर म्हणा."

"माझ्या अंगठ्याचं नाव सरपंच ठेवलं होतं," इस्तारीने अभिमानाने अंगठा वर केला. "दोनदा निवडून आला."

सगळे हसले. हंसराजही हसत होता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. निरंजनाने पेटी खाली ठेवली नाही.

"मी नाव ठेवणार नाही," ती म्हणाली. "आणि हा हात आधी स्वच्छ झाका. उघड्यावर काय मांडलाय?"

हंसराजने हात झाकला नाही.

"पाहा गा," तो मित्रांना म्हणाला, "नाव ठेवायले बोलावलं, तर ताई नावं ठेवायले लागली."

तिच्यामागे दार बंद झाले तरी हशा ऐकू येत राहिला.

*

अंकुर पद्धतीत जादू काहीच नव्हती, आणि निरंजनाने तिची माहिती पुस्तकांतून नीट करून घेतली होती.

मोठ्या माणसाची जखम भरते ती ठिगळ लावल्यासारखी. तुटलेल्या जागी शरीर घाईघाईने वण उभारते आणि दार बंद करते. पण अगदी लहान मुलाच्या बोटाचे टोक तुटले आणि नखाचे मूळ शाबूत असले, तर ते टोक कधीकधी पुन्हा वाढते. तेथल्या पेशी आपण हाड आहोत की त्वचा हे विसरून गोळा होतात आणि गर्भात जसे बोट घडले होते तसे ते पुन्हा घडवू लागतात. मोठ्यांमध्येही ही क्षमता मेलेली नसते. वण तिला संधी देत नाही, इतकेच. अंकुरमधली जेली तो वण रोखून धरी. तिच्यावर बसवलेली मऊ टोपी जखमेतून अतिशय क्षीण विद्युतप्रवाह सोडी आणि हाड कोणीकडे, नख कोणीकडे, हे त्या भांबावलेल्या पेशींना सांगत राही. आधी हाड, मग मांस, मग त्वचा आणि नख. तीन महिन्यांच्या आत बोट तयार.

पद्धतीला दोन मर्यादा होत्या. मोड बोटालाच येत, तळहाताला आणि त्याच्या वर नाही. दुसरी मर्यादा चेतातंतूंची. ते सगळ्यांत शेवटी वाढत, आणि त्यांतही उष्णता व वेदना वाहून नेणारे तंतू सर्वांत मागून येत. पूर्ण वाढायला त्यांना वर्ष लागे. अंकुरच्या माहितीपत्रकात हा दोष म्हणून नव्हे, गुण म्हणून छापला होता: वेदनारहित पुनर्वसन.

मिलमध्ये खनिज दळायला, धुवायला आणि चाळायला जाई ते रबरी पट्ट्यांवरून. तिसऱ्या क्रमांकाचा पट्टा सर्वांत त्रासदायक होता. त्यावरून ओला चुरा येई, आणि पट्टा ज्या शेवटच्या ड्रमवरून वळे तेथे तो चुरा चिखलासारखा थापला जाई. चुरा साचला की पट्टा एका बाजूला सरकू लागे. नियम साधा होता. पट्ट्याच्या कडेने ताणलेली लाल दोरी ओढायची, पट्टा थांबवायचा, ड्रमवरची लोखंडी जाळी काढायची, चुरा खरवडायचा, जाळी परत बसवायची. पण पट्टा थांबला की पुढची धुण्याची यंत्रे कोरडी पडत आणि मागे दगडांचा ढीग साचे.

अंकुर कक्ष सुरू झाला त्या उन्हाळ्यात ती जाळी 'सफाईच्या सोयीसाठी' एका पाळीपुरती काढून ठेवण्यात आली. मग ती भिंतीला टेकून राहिली. मग तिच्यावर कोणीतरी ओले हातमोजे वाळत घालू लागले. पावसाळ्यानंतर ती भंगाराच्या गाडीतून गेली. माणसे चालत्या पट्ट्यावर हाताने चुरा ओढू लागली आणि अलीकडे त्यासाठी मोड आलेलीच बोटे पुढे करू लागली, कारण ती दुखत नसत. राज्यातल्या इतर मिलवाल्यांनाही ही युक्ती आवडली. कायद्यात नवे कलम आले: जे अवयव पूर्ववत होतात त्यांची हानी ही 'इजा' नव्हे, तो 'व्यत्यय' होय. आता फाटकावरच्या फलकावर इजांच्या रकान्यात मोठे, हिरवे शून्य झळकत असे. ते शून्य दर आठवड्याला निरंजनाच्याच अहवालातून येई आणि तो अहवाल एका शब्दानेही खोटा नसे. तो लिहून झाल्यावर ती कितीतरी वेळ साबणाने हात धूत राही.

*

रविवारी ती हंसराजच्या घरी गेली. भावजय प्रणिता पोळ्या लाटत होती आणि हंसराज तव्यापाशी उभा राहून त्या उलटत होता. सुट्टीच्या दिवशी त्याला हे काम आवडे. दुसरीत शिकणारी त्यांची चैताली ओट्याखाली बसून शेंगा सोलत होती.

"शुक्रवारी बिनजाळीच्या पट्ट्याची परवानगी द्यायले समिती येऊन राहिली," हंसराज म्हणाला. "मुंबईची मोठी माणसं. आपल्या मिलमध्ये पास झालं ना ताई, तर सगळ्या राज्यात जाळ्या निघतील. मंग शिकवायले माणूस लागेल. देवस्थळीसाहेब म्हणाले, हंसराज, तुलेच पाठवतो. आज शेजारच्या मिलमध्ये, उद्या चंद्रपुराकडं. पट्टा सुटला माझा!"

"पट्टा सुटावा म्हणून दुसऱ्यांना पट्ट्यावर हात घालायला शिकवणार?"

"हे पाहा. लागली परत नावं ठेवायले. दाखवायचं काम मलेच दिलं हाय त्यायनं. तू तिथं उभी राहून फक्त हो म्हण. सुरक्षा अधिकाऱ्याची संमती लागते ना."

तिने उत्तर द्यायला तोंड उघडले आणि तिला वास आला. प्रथम तिला वाटले पोळी करपली. मग वाटले, नाही, हे पीठ नव्हे.

"बाबा!" चैताली किंचाळली. "तुमचं बोट भाजून राहिलं!"

हंसराज बोलता बोलता तव्याच्या कडेवर नवे बोट टेकवून उभा होता. त्याने खाली पाहिले. गुलाबी बोटाच्या आतल्या अंगाची कातडी पांढरी पडून तव्याला चिकटली होती. त्याने ते सावकाश, तव्यावरची पोळी सोडवावी तसे, सोडवून घेतले.

"काही नाई व, बेटा. पाय, दुखत नाई." त्याने ते तिच्यापुढे नाचवले. "सुपरमॅनचं बोट हाय हे."

चैतालीने शेंगांची परडी तशीच टाकली आणि ती बाहेर पळाली. अंगणातून तिच्या ओकण्याचा आवाज आला.

प्रणिताने गॅस बंद केला. लाटणे ओट्यावर ठेवून ती भिंतीकडे पाहत बोलली.

"ताई, यायले सांगा तुम्ही. ती पोरगी यायचा तो हात धरून शाळेत जात नाई. आणि मी म्हटलं, त्या हातानं मले हात नोको लावू. गार लागते. अन् यायले कळतबी नाई हात कुठं हाय आपला."

"बायको सोडून बाकी सगळी मिल माझ्या बोटावर खूश हाय," हंसराज म्हणाला. पण तो हसला नाही. नळाखाली बोट धरून तो त्याच्याकडे पाहत राहिला, दुसऱ्या कोणाच्या तरी वस्तूकडे पाहावे तसे.

निरंजना घरी परतताना त्या तव्याचाच विचार करत होती. भाजलेल्या कातडीची शिसारी बाजूला सारली, तर तेथे एक साधी गोष्ट उरत होती. तो हात मागे आला नव्हता. विस्तवाला बोट लागले की माणूस हात काढून घेतो, तो विचार करून नव्हे. वेदनेचा संदेश पाठीच्या कण्यापर्यंत जातो आणि तेथूनच स्नायूंना हुकूम सुटतो. मेंदूला कळते तोवर हात मागे आलेला असतो. चालत्या पट्ट्यावर जाळी नसतानाही आजवर केवळ बोटांची टोकेच गेली होती, कोणाचा हात गेला नव्हता, तो या हिसक्यामुळे. टोक सापडे, कळ येई, हात निसटे. पण आता जे बोट ड्रमपाशी पुढे होणार ते मोड आलेले होते. ते सापडल्याची वार्ता कण्यापर्यंत पोहोचणारच नव्हती. पट्टा बोट घेईल, मग तळहात घेईल, मग मनगट, आणि माणूस शेजाऱ्याशी गप्पा मारत उभा असेल.

*

महाव्यवस्थापक सौमित्र देवस्थळी यांनी तिचे सगळे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले. ते कोणावर आवाज चढवत नसत. त्यांच्यातले सर्वांत वाईट तिला वाटे ते हेच सौजन्य.

"गभने मॅडम, तुमचा अभ्यास उत्तम आहे. पण मला सांगा, आजवर हात गेला आहे का कोणाचा?"

"नाही. अजून नाही."

"मग जे झालेलं नाही, त्यासाठी मिल थांबवायची?"

"मिल नका थांबवू. तीन नंबरच्या ड्रमवर जाळी बसवा."

"जाळी." त्यांनी मान डोलावली. "नवी जाळी मागवली तर पुरवठादार चार महिने घेतो. बोट तीन महिन्यांत येतं." आपले वाक्य त्यांना आवडलेले दिसले. "वस्तुस्थिती सांगतोय. बोट ही आता झिजून बदलायची वस्तू आहे. पट्ट्याचं रबर बदलतो, तसं. त्यात अपमान काही नाही. उलट माणसं किती आनंदात आहेत बघा. बारशी करतात म्हणे. तुम्ही आत्या झालात असं ऐकलं."

तिला त्यांच्या टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याचीसुद्धा किळस आली.

"शुक्रवारी मी संमती देणार नाही," ती म्हणाली.

"तुमचा भाऊ आहे, काळजी वाटणं स्वाभाविक आहे. समितीलाही मी तसंच सांगेन, की बहिणीची काळजी आहे." ते उठून दारापर्यंत तिला पोहोचवायला आले. "आणि प्रात्यक्षिक तर हंसराज स्वखुशीने करतोय. त्यालाच विचारा ना."

तिने विचारले. शुक्रवारी सकाळी कपडे बदलण्याच्या खोलीबाहेर तिने हंसराजला गाठले. त्याने नवा गणवेश घातला होता, केसांना तेल लावले होते. भाजलेल्या बोटावर पातळ, पारदर्शक पट्टी होती.

"डाव्या हातानं कर," ती म्हणाली. "निदान एवढं ऐक. डावा हात जुना आहे. तो मागे येईल."

"डाव्यानं केलं तर दाखवायचं काय? मोड पाहायले तर ते येऊन राहिले."

"हंसा, तुला कळणार नाही रे. सापडलं तरी कळणार नाही."

"माहा हात मले कळणार नाई?" तो चिडला. मग त्याचा आवाज खाली आला. "ताई, मी बारावी नापास माणूस. या मिलमध्ये आजपर्यंत कोणी मले साहेबाच्या शेजारी उभं केलं नाई. आज करून राहिले. तू माह्यावर पाणी नोको टाकू."

तो गेला. तिने त्याला हाक मारली नाही. ती सरळ तीन नंबरच्या पट्ट्यापाशी गेली. लाल दोरी कोणीतरी खांबाला गुंडाळून ठेवली होती, ती तिने सोडवून ताणून बसवली.

*

समितीत तिघे होते. अध्यक्ष डॉ. मृणाल खानझोडे या खाण कामगारांच्या फुप्फुसांवर आयुष्यभर काम केलेल्या, बारीक चणीच्या, वयस्क डॉक्टर होत्या. त्यांनी कानावरचे संरक्षक बाजूला सारून पट्ट्याचा आवाज थोडा वेळ उघड्या कानांनी ऐकला.

"सुरक्षा अधिकारी कोण?"

"मी, निरंजना गभने. माझी संमती नाही." तिने उघड्या ड्रमकडे बोट दाखवले. "नवीन बोटांना वेदना नसते, म्हणून हात मागे येत नाही. जाळी नसेल तर एक दिवस हे बोटावर थांबणार नाही."

डॉ. खानझोडे यांनी देवस्थळींकडे पाहिले.

"शंका योग्यच आहे," देवस्थळी मोकळेपणाने म्हणाले. "गभने मॅडम हंसराजच्या थोरल्या भगिनी आहेत, हेही आपल्याला सांगायला हवं. आपण प्रत्यक्षच बघू या ना. हा माणूस गेली दोन वर्षं हे काम करतोय."

"बघू," डॉ. खानझोडे म्हणाल्या. "पण दोरीपाशी कोणीतरी उभं राहील."

"मी आहे," निरंजना म्हणाली.

हंसराज पुढे झाला. त्याने समितीला वाकून नमस्कार केला आणि समजावून सांगायला सुरुवात केली, शाळेतल्या भाषणासारख्या, पाठ केलेल्या, शुद्ध मराठीत. "आदरणीय पाहुणे. हा आमचा तीन क्रमांकाचा पट्टा. येथे चुरा साचतो. पूर्वी पट्टा थांबवावा लागत असे." बोलत बोलत त्याने उजवा हात ड्रमकडे नेला. बोटांनी काळा चिखल खरवडून बाहेर ओढला, झटकला, पुन्हा हात आत नेला. हालचाल सराईत होती. समितीतल्या एकाने मान डोलावली. हंसराजला ते दिसले आणि तो चेहरा त्यांच्याकडे वळवून हसला.

"आता बघा, पट्टा चालू आहे, काम चालू आहे, आणि कामगारही—"

निरंजना त्याच्या चेहऱ्याकडे पाहत नव्हती. गुलाबी बोट पट्टा आणि ड्रम यांच्या मधल्या फटीत शिरलेले तिला दिसले. ते आधी टोकाने गेले, मग पेरापर्यंत. शेजारचे काळे, जुने बोट त्याच्याबरोबर ओढले जाऊ लागले, आणि हंसराज हसतच होता.

तिने सगळ्या अंगाचा भार टाकून दोरी ओढली.

पट्टा लगेच थांबत नाही. वजन असते, वेग असतो. तो कुरकुरत आणखी हातभर सरकला आणि मग थांबला. मिलचा तो कोपरा एकदम बहिरा झाल्यासारखा झाला.

"ताई!" हंसराजने मान वळवली. त्याच्या चेहऱ्यावर नुसता राग होता. "काहून थांबवलं व? चांगलं चाललं होतं ना!"

सगळे जिकडे पाहत होते तिकडे अखेर त्यानेही पाहिले. त्याने हात ओढला. तो सुटून आला, पण पूर्ण आला नाही. अंगठ्याशेजारची दोन बोटे नव्हती आणि तळहाताची कड सोललेल्या फळासारखी उघडी पडली होती. एक श्वासभर तो त्याकडे कुतूहलाने पाहत राहिला. मग आघाताने बधिर झालेल्या जुन्या मांसातली कळ वर पोहोचली, आणि तो गुडघ्यांवर कोसळून असा ओरडला की पत्र्याच्या छपरावरचे पारवे उडाले.

निरंजना त्याच्या मनगटाशी बसून रक्त थांबवायला पट्टी आवळत होती. समितीतला मान डोलावणारा गृहस्थ भिंतीकडे वळून ओकत होता. देवस्थळींचा आवाज मात्र तसाच समतोल होता.

"घाबरण्यासारखं काही नाही. अंकुर कक्षाला बोलवा. बोटं आहेत, येतील." ते समितीकडे वळले. "हा व्यत्यय आपण मुद्दाम नाही दाखवला, पण आता उपचारही बघूनच जा. इस्तारी, ड्रम साफ कर. दोरीचा स्विच सोड, मागे माल साचतोय."

दोरी एकदा ओढली की पट्टा नियंत्रण कक्षातून सुरू होत नसे. जेथे ओढली तेथेच जाऊन कोणीतरी हाताने खटका मोकळा करावा लागे. पण त्याआधी ड्रम साफ व्हायला हवा होता. फटीतून गुलाबी बोटाचे पेर बाहेर दिसत होते. त्याला चिकटून दुसरे होते, काळे, खरेखुरे, जन्मापासूनचे.

इस्तारी जागचा हलला नाही.

"इस्तारी."

"मी नाई, साहेब."

"अरे, रोजचंच आहे."

इस्तारीने आपल्या अंगठ्याकडे, ज्याला त्याने सरपंच म्हटले होते त्याकडे, पाहिले आणि मूठ मिटून तो आत दाबला. "रोजचं होतं," तो म्हणाला. "पण मले आता कसंतरी होऊन राहिलं. माह्यानं नाई होत."

देवस्थळींनी दुसऱ्याकडे पाहिले, तिसऱ्याकडे पाहिले. माणसे मागे सरत होती. त्यांच्यातला कोणी आपली बोटे पँटला पुसत होता, कोणी खिशात कोंबत होता, जणू ती प्रथमच हाताला लागली होती.

"रोजचंच असेल," डॉ. खानझोडे म्हणाल्या, "तर तुम्हीच काढा ना, देवस्थळी."

ते हसले. त्या हसल्या नाहीत. मग त्यांनी शर्टाची बाही कोपरापर्यंत दुमडली आणि ड्रमपाशी गेले. पट्टा पूर्ण थांबलेला होता, वीज तुटलेली होती, धोका काही नव्हता. त्यांनी वाकून हात पुढे केला. फटीपासून वीतभर अंतरावर तो हात झटक्याने मागे आला. त्यांनी तो आणला नव्हता, तो आपणहून आला. त्यांनी खाकरून पुन्हा पुढे केला. या वेळी तो आणखी अलीकडूनच परतला. त्यांच्या कपाळावर घाम दिसू लागला. तिसऱ्यांदा त्यांनी डाव्या हाताने उजव्याचे मनगट धरले, तरी हात पुढे जाईना. सगळी मिल ते पाहत होती.

"राहू द्या," डॉ. खानझोडे म्हणाल्या. "तुमचा हात अजून शहाणा आहे." त्या आपल्या सहकाऱ्याकडे वळल्या. "परवानगी नाही. इथेही नाही, दुसरीकडे कुठेही नाही. आणि जाळी बसेपर्यंत हा पट्टा बंद. खटक्याला कोणी हात लावायचा नाही."

देवस्थळी तसेच वाकलेले होते, स्वतःचा हात स्वतःच धरून.

अंकुर कक्षाची पांढरी गाडी आली. परिचारकाने डबा उघडला आणि मटकीच्या मोडांचा तो वास तेलाच्या व रक्ताच्या वासात मिसळला. त्याने मऊ टोपी जेलीत बुडवून बाहेर काढली.

"हात दे, हंसराज. लवकर लावली तर चांगली लागते."

हंसराजचा चेहरा राखेसारखा झाला होता. दात एकमेकांवर आपटत होते. टोपी जखमेजवळ आली आणि त्याने सगळा दंड हिसका देऊन मागे घेतला, बहिणीच्या कुशीत दडवला.

"नोको."

"अरे, परत येतील गा," परिचारक समजुतीने म्हणाला. "तीन महिन्यांत दोन्ही परत येतील."

"म्हणूनच नोको," हंसराज म्हणाला. "ताई, साधी पट्टी बांध."